मेंदी रंगाची पलटण

माझ्याशी लग्न केलं असतं तर नलवड्यांच्या पदरात काय पडलं असतं, याचा आडाखा मी त्यांच्याही आधी बांधून ठेवला होता. दोन वेळा गरम भाकरी. शर्टाला वेळच्या वेळी बटण. तापानं फणफणले तर कपाळावर ठेवायला एक हात. आणि माझ्या पदरात? पाटबंधारे कचेरीतला एक आरेखक, अर्धं टक्कल, आणि वहिनीच्या राज्यातून सुटका. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, ते चाळिशी ओलांडून बरेच पुढे गेलेले. दोन्ही पारडी बरी भरत होती. असाच आडाखा तेही बांधतायत की नाही, एवढंच कळत नव्हतं.

साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे आमचं मॅचिंगचं दुकान होतं. साडीचं टोक आणायचं, त्याला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल घेऊन जायचं. दुकान दादाचं, गल्ल्यावर दादा, पण रंग माझा. एकदा बघितलेला रंग मी विसरत नाही. कोनफळी आणि वांगी यांत बायका गोंधळतात, मी झोपेतसुद्धा गोंधळले नसते.

नलवडे पहिल्यांदा आले ते शनिवारची अर्धी कचेरी आटपून. काउंटरवर त्यांनी जे ठेवलं ते साडीचं टोक नव्हतं. एका जुन्या लष्करी सदऱ्याच्या खिशावरची झडप होती, काजासकट.

"याला मॅचिंग मिळेल?"

"ब्लाउज शिवायचाय?" मी विचारलं. बाकावर बसलेल्या दोन बायका फिसकन हसल्या.

ते हसले नाहीत. खिशातून काड्यापेटी काढून त्यांनी ती हळूच उघडली. आत कापसावर एक शिपाई उताणा पडला होता. तारेचा सांगाडा, वर एमसीलचं अंग. सदऱ्याच्या चुण्या, पायांतल्या पट्ट्या, रुंद काठाची टोपी, सगळं होतं. फक्त रंग नव्हता. पिठाच्या बाहुलीसारखा पांढराफटक.

"सहा फुटी माणूस इथं सव्वादोन इंचाचा होतो," ते म्हणाले. "वडलांची अख्खी पलटण करतोय. ब्रह्मदेशातली. हा सदरा वडलांचा. रंग असाच्या असा हवा."

"अहो, इथं कापड मिळतं. रंग पलीकडं, हार्डवेअरमध्ये."

"रंग आणलेत. नुसतं सांगायचंय." त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे मांडले. प्रत्येकावर रंगाचा एकेक फराटा. "यातला कुठला जुळतो ते."

मी झडप आणि पुठ्ठे उचलले आणि बाहेर पायरीवर गेले. दुकानातली ट्यूबलाइट खोटं बोलते. तिच्या उजेडात घेतलेला मोरपंखी लग्नघरी जाऊन निळा निघतो आणि बाई आपल्या नावानं खडे फोडते. म्हणून माझा नियम होता, रंग उन्हात बघायचा. नलवडे माझ्यामागून पायरीवर आले आणि पुठ्ठ्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

बाई माणूस हे लगेच टिपते. मीही टिपलं.

"हा नाही, हा पोपटीकडं झुकतो. हा शेवाळी. हा बराचसा आहे, पण कोरा वाटतो." मी झडप उलटीपालटी केली. "हे कापड आधी खाकी होतं. वरून हिरवं रंगवलंय. शिवणीत बघा, आतून खाकी डोकावतंय."

त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर! हिरवे कपडे पोचले नव्हते म्हणून हंड्यात उकळून रंगवले होते. वडील सांगायचे. मग याला काय म्हणायचं? नाव काय या रंगाचं?"

"मेंदी."

"मेंदी," ते म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून पुठ्ठ्याच्या मागं तेवढा शब्द लिहिला. "आणि थोडा फिका करावा लागेल. माणूस लहान झाला की रंगही हलका करावा लागतो. नाही तर अंगावर चढतो."

"मग म्हणा, वाळलेली मेंदी."

"वाळलेली मेंदी." तेही लिहिलं. "येतो, इंदुमतीबाई."

दुकानावरच्या पाटीवर माझं नाव नव्हतं. म्हणजे त्यांनी कुठं तरी विचारलं होतं. आणि अख्खा सातारा मला इंदूताई म्हणत असताना हा माणूस इंदुमतीबाई म्हणाला. ताई न म्हणणं मी जमेला धरलं.

त्यानंतर शनिवार चुकला नाही. कधी काड्यापेटीत शिपाई, कधी नुसतेच पुठ्ठे. पायरीवर आम्ही दोघं, मध्ये सव्वादोन इंचांचा तिसरा.

"रायफलीचा दस्ता?"

"चिंचोका."

"कमरेचा पट्टा?"

"शेवया."

"कच्च्या की भाजलेल्या?"

"भाजलेल्या. तुपात नव्हे, कोरड्या."

ते मान हलवून लिहून घ्यायचे. पुरुषांना रंगांची नावं येत नाहीत, त्यांचे मिळून चार रंग असतात आणि पाचवा 'तो कसला तरी'. त्यामुळे याचं मला काहीच नवल वाटलं नाही. उलट एवढ्या मन लावून माझा शब्द उतरवून घेणारा पुरुष मी दुसरा पाहिला नव्हता. दादा माझं ऐकायचा तो गल्ल्यात मान घालून.

हळूहळू त्यांची माहिती कळत गेली. वाघजाईवाडीचे. त्या वाडीत उंबऱ्यागणिक एक फौजी. वडील सुभेदार, थोरला भाऊ सुभेदार, चुलते हवालदार. हे एकटेच तळपायामुळं नापास झालेले.

"सपाट तळवे," ते म्हणाले. "लग्नाकार्यात जेवायला बसवतानासुद्धा आधी फौजींची पंगत असते आमच्यात. मी दुसऱ्या पंगतीला, बायकापोरांबरोबर."

"तिथं वाढतात तरी बरं," मी म्हटलं. ते हसले. हसले की बरे दिसायचे.

वाडीत स्मारकाचं सभागृह बांधलं होतं. प्रजासत्ताक दिनाला त्याचं उद्घाटन, आणि मधोमध काचेच्या पेटीत नलवड्यांची पलटण. एका खणखणीत माणसाला एवढ्यानं काय मिळणार, असं कोणी म्हणेल. त्यांना पहिल्या पंगतीचं पान मिळणार होतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी मुद्दाम नवी साडी नेसले. विटकरी रंगाची. ते आले, पायरीवर उभे राहिले, आणि काड्यापेटी उघडायच्या आधी म्हणाले, "आज मेंदी नेसलात. शोभते तुम्हांला."

साडी विटकरी होती, मेंदी नव्हती. पण मी काय दुरुस्त करणार? हिरवी मेंदी पाट्यावर असते, हातावर ती विटकरीच उमटते. लाजरा माणूस, सरळ बोलता येईना म्हणून आडून बोलला, असं मी धरलं. मेंदी हा शब्द चाळिशीच्या बाईला उगाच कोण ऐकवतं? मी दुकानात येऊन फॉलचं बंडल उलटं गुंडाळून ठेवलं.

हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. तिचा आडाखा माझ्याहून पक्का होता. मी उठून गेले तर तिला दुकानात बसावं लागणार, आणि तिला लिंबू आणि हळदी एकच. आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं सांगलीहून पत्र आलं, बाळंतपणाला कोणी तरी हवं. पत्र आलं की आणवलं, ते मी खोदलं नाही.

"तूच जा बाई," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "तुझ्या हाताला वळण आहे. आणि तुला तरी इथं कोण अडवून बसलंय?"

मी गेले. नलवड्यांना निरोपही देता आला नाही.

परतले ती ऐन जानेवारीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच नलवडे समोर. हिवाळ्यातही कपाळाला घाम.

"झाली," ते म्हणाले. "सगळी पलटण झाली. उद्या सकाळी थोरले बंधू जीप घेऊन येतायत न्यायला. त्याआधी तुम्ही एकदा बघायला हवी. तुमच्याशिवाय…"

दादा दुकानात होता. वहिनी आतून कान देत होती, तिच्या बांगड्या थांबल्या होत्या. मी चप्पल घातली. "आलेच," एवढं म्हटलं आणि भर सकाळी, भर चौकातून, एका परपुरुषाच्या मागून चालत निघाले. पानवाल्यानं हातातला चुना तसाच धरून ठेवला होता.

त्यांची खोली गच्चीवर. एक पलंग, एक स्टोव्ह, एका दोरीवर एकच टॉवेल. खिडकीखाली मोठ्या फळीवर ओल्या मातीचं रान केलं होतं, बांबू, ओढा, त्यावरून उतरणारी तीसेक माणसं. कोणी रायफल डोक्यावर धरलेली, कोणी जखमी सोबत्याला खांद्यावर घेतलेलं. पुढं सुभेदार, त्यांचे वडील, मागं वळून हात करताहेत. असं वाटत होतं, आता हाक ऐकू येईल.

आणि सगळीच्या सगळी पलटण विटकरी होती.

टोपीपासून पट्ट्यांपर्यंत. तांबूस, लालसर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या तळहातावर असते तशी. हिरव्यागार बांबूंतून जणू वऱ्हाड चाललं होतं. मी माझ्या साडीच्या पदराकडे बघितलं. योगायोगानं तीच नेसले होते. योगायोग कसला, मुद्दामच नेसले होते.

"कसा आलाय?" नलवड्यांनी विचारलं. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे होते. "तुम्ही जुळवलेल्या रंगाचा डबा नमुन्यांतच संपला. तुम्ही नव्हता. ट्रक रंगवणाऱ्या बाबूमियांकडे गेलो, म्हटलं, मेंदी रंग द्या, वाळलेली मेंदी. ते म्हणाले, म्हणजे हातावरची ना, देतो की झकास. झालाय ना झकास?"

फळीच्या कडेला वडलांच्या सदऱ्याची झडप पडली होती. मी ती उचलून सुभेदारांच्या शेजारी धरली. हिरवी झडप, तांबडा सुभेदार. आणि नलवडे दोन्हींकडे बघून समाधानानं मान हलवत होते.

"नलवडे," मी हळूच म्हटलं, "माझी ही साडी कुठल्या रंगाची आहे?"

त्यांची मान हलायची थांबली.

"मेंदी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "नाही का?"

मी झडप फळीवर ठेवली. ते पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "सगळे?"

"सगळे."

"कसे दिसतायत?"

"वरातीत बँड वाजवणाऱ्यांसारखे."

ते हसले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुरुषाचं रडणं बघायला थांबलं की तो पुढं तुम्हांला माफ करत नाही, हे मला दादावरून ठाऊक होतं.

"तळवे चांगलेच आहेत माझे," ते म्हणाले. "भरतीच्या वेळी डॉक्टरांनी एक पुस्तक धरलं समोर. पानावर नुसते ठिपके. म्हणाले, आकडा वाच. माझ्या पुढच्यानं वाचला, मागच्यानं वाचला. मला ठिपकेच दिसले. हिरवं आणि तांबडं मला एकच. घरी काय सांगणार? तळव्याचं सांगितलं. तळव्याला कोणी हसत नाही. रंगांधळा म्हटलं की वाडीतली पोरं हातात मिरच्या घेऊन पुढं येतील, काका, पिकली का सांगा." त्यांनी डोळे पुसले. "कचेरीत काळी शाई. निभावलं. हे एवढं एकच काम असं, की जे बघता येत नाही तेच करायचं मनात आलं."

"म्हणून माझ्याकडे यायचात."

"तुम्ही रंगाला नाव देता. दुसरे नुसतं हिरवा म्हणतात. हिरवा म्हणजे मला काय कळणार? तुम्ही शेवया म्हणता, चिंचोका म्हणता. ते मला माहीत असतं."

म्हणजे शनिवार, पायरी, माझ्या तोंडाकडे बघणं, सगळ्याचा उलगडा झाला. ते माझ्या तोंडावर रंग वाचत होते. मी मात्र भलतंच वाचत होते. माझा आडाखा तिथंच कोसळला. मी पदर खोचला.

"दिवसभर ऊन आहे," मी म्हटलं. "हिरवा आणि पिवळा कुठला आहे तुमच्याकडं? आणि काळा, थेंबभर. उठा."

दिवसभर आम्ही पलटणीला कपडे बदलवले. मी वाटीत रंग कालवायचे, खिडकीत नेऊन झडपेशी लावून बघायचे. त्यांचा हात माझ्याहून स्थिर. मी अंगावर रंग चढवायचे आणि ते केसाएवढ्या ब्रशानं गुंड्या, कॉलर, पट्ट्यांच्या कडा सोडवून द्यायचे. मध्येच त्यांनी स्टोव्हवर चहा केला. कप एकच होता, मला दिला, स्वतः फुलपात्रातून प्याले.

"आणि एरवी?" मी विचारलं. मान वर न करता.

"एरवी म्हणजे?"

"रंगाचं नाव एका शनिवारात कळलं असतं. एवढे शनिवार कशाला?"

त्यांचा ब्रश थांबला. "शनिवारी कोणाशी तरी बोलणं व्हायचं. बाकीचा आठवडा त्यावर जायचा." मग बराच वेळ एका गुंडीवर काम करून म्हणाले, "हे एवढं पार पडू द्या. मग मला तुमच्या दादांना भेटायचंय."

"कशाला?"

"मॅचिंगसाठी नाही."

कोसळलेला आडाखा उठून बसला. आडाख्यांना लाज नसते.

ऊन पलीकडच्या कौलांवर गेलं तेव्हा एकच शिपाई उरला होता, मागच्या कोपऱ्यातला, बांबूला टेकलेला. नलवडे बटणाकडे गेले.

"दिवा लावू नका," मी म्हटलं. "ट्यूबलाइटमध्ये मी रंग लावत नाही. हा एक राहू दे. बांबूआड आहे, कोणाला दिसत नाही. लक्षात ठेवा, मागच्या कोपऱ्यातला. उद्या वाडीत उन्हात उरकून टाकू."

"उद्या तुम्ही याल वाडीला?"

"बोलावलंत तर."

ते काही तरी बोलणार एवढ्यात जिन्यावर जड बूट वाजले.

जीप सकाळी येणार होती, ती संध्याकाळीच आली. दारात थोरले नलवडे, पिळदार मिशा, निवृत्त झाले तरी खांदे अजून परेडवर. मागं वाडीचे दोघे.

"काय रं धाकल्या, म्हटलं रात मुक्काम करू, सकाळच्याला निघू…" त्यांचं लक्ष फळीकडं गेलं आणि ते बोलायचे थांबले. दोन पावलं पुढं आले. वाकले. आपल्या बापाच्या सव्वादोन इंची पाठीकडं बघत राहिले. "आयला," ते पुटपुटले. "ह्योच रंग. बाबा सुट्टीवर यायचे तवा ह्योच सदरा असायचा अंगात." त्यांचा हात धाकट्याच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. मला वाटतं, तो हात तिथं पहिल्यांदाच पडत होता.

मग त्यांनी मला बघितलं. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत हिरवे, एकट्या पुरुषाच्या खोलीत, तिन्हीसांजेला.

"ह्या कोण?"

नलवडे माझ्याकडे बघू लागले. पायरीवर बघायचे तसे. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं लख्ख मांडलं गेलं. खरं सांगायचं तर, या माझे डोळे, हे सांगावं लागलं असतं. खांद्यावरचा हात गेला असता. तेवढं मी त्यांच्याकडून मागितलं नसतं. पण दुसरंही एक उत्तर होतं. या माझ्या होणाऱ्या. तीन शब्दांचं. त्यात त्यांचं गुपित राहिलं असतं, माझी अब्रू राहिली असती, दादाकडचा हेलपाटाही वाचला असता. एवढं स्वस्त उत्तर माणसाला आयुष्यात दोनदा मिळत नाही. मी डोळ्यांनी ते त्यांच्या हातात ठेवलं.

पण माझ्या तोंडावरचे रंग त्यांना कुठं दिसत होते!

"ह्या?" ते म्हणाले. "ह्या… ताई आहेत. दुकानातल्या. ब्रश धुवायला म्हणून बोलावलं होतं."

ताई.

थोरल्यांच्या कपाळावरची आठी विरली. "मग ठीकाय. ताई, च्या तरी घेतला का? धाकल्याला आदरातिथ्य कळत न्हाई."

"घेतला," मी म्हटलं. "कपातून."

वाटीतल्या रॉकेलमध्ये मी ब्रश खरोखरच धुतले. एकेक, नीट, पुसून, फळीच्या कडेला ओळीनं मांडले. ज्या कामाला बोलावलं होतं म्हणाले, ते काम तरी अर्धवट राहायला नको. मग जिना उतरले. चौकात दिवे लागले होते आणि पानवाला अजून माझीच वाट बघत होता.

सभागृहाच्या उद्घाटनाला मला बोलावणं आलं नाही. वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी होती, बारीक टायपात. हार घातलेले नलवडे पहिल्या रांगेत असल्याचं आमच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. काड्यापेटी नव्हती. वहिनी त्या दिवशी मुद्दाम काउंटरवर होती.

"काय मॅचिंग हवंय?" मी विचारलं.

"मॅचिंग नाही." ते वहिनीकडे बघून अडखळले. मग धीर करून म्हणाले, "दादा आहेत का?"

"आहेत की," मी म्हटलं. "दादाही आहे, ताईही आहे. कोण हवंय?"

ते बघतच राहिले. पुडा तसाच हातात. रंग दिसत नसले तरी हे त्यांना दिसलं. ते पायरीवर गेले, तिथं थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले, ऊन होतं, आणि गेले. वहिनीनं त्या रात्री शिरा केला. म्हणाली, सहज.

पुढं त्यांची बदली कोयनेकडं कुठं तरी झाल्याचं ऐकलं. मी मॅचिंग करत राहिले. दादा गेला, वहिनी गेली, भाच्यानं दुकानाला काचा लावल्या आणि छताला असे दिवे बसवले की आता मोरपंखी कोणाला कळतच नाही. मी अजून पायरीवर जाते. नव्या पोरी हसतात.

मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नातीच्या लग्नाला वाघजाईवाडीला जावं लागलं. अजूनही फौजींची पंगत आधी बसते. मी दुसऱ्या पंगतीची, म्हणून वेळ होता. सभागृह उघडं होतं. एक म्हातारा पेन्शनर, एक पाय लाकडी, काच पुसत होता.

पलटण तशीच होती. ओढा, बांबू, सुभेदारांचा हात. रंग बसला होता, पण सुटला नव्हता. वाळलेली मेंदी. आणि सगळ्यांच्या पुढं, सुभेदारांच्या अगदी खांद्याला लागून, एक तांबडा शिपाई. मागच्या कोपऱ्यातला. बांबूआडचा. त्याच्या पायाखालची माती वेगळी दिसत होती, उचलून आणून लावलेली.

"हा इथं कसा?" मी विचारलं.

"त्यो व्हय?" म्हातारा म्हणाला. "अण्णांनीच आणला फुडं. धाकट्या अण्णांनी, गेले ते दोन सालाखाली. जो येतो त्यो इचारतो, ह्यो एकच तांबडा का म्हनून. थोरले सुभेदार तर लई चिडायचे, रंगवून टाक म्हनायचे. अण्णा ऐकायचे न्हाईत. एकदा भर सभेत इचारलं कुणी तरी, तर काय म्हनाले ठावं हाय?"

"काय?"

"म्हनले, मला रंग दिसत न्हाई. ज्यांना दिसतो त्यांना मी ताई म्हणून बसलो. त्यांनी ह्याला हात लावल्याबिगर ह्याचा रंग बदलायचा न्हाई." म्हाताऱ्यानं फडकं झटकलं. "सभा हसून हसून पडली. पोरं मागनं मिरच्या दाखवायची त्यांना, आवंदा पिकल्या का अण्णा. शेवटपतुर. आम्हांला काय त्याचा अर्थ लागला न्हाई. तुमास्नी रंगातलं कळतं काय?"

"थोडंफार."

"मग ह्याला काय म्हनायचं? तांबडाच न्हवं?"

"मेंदी," मी म्हटलं. "हातावरची."

बाहेर दुसऱ्या पंगतीची हाक आली. मी पानावर जाऊन बसले, बायकापोरांत, जिथं एके काळी ते बसायचे. शेजारच्या मुलीच्या हातावर कालची मेंदी होती, चांगली रंगलेली. ती मिरची बाजूला काढत होती.

थोरल्यांना बाप मिळाला. वाडीला पलटण मिळाली. वहिनीला दुकानात बसावं लागलं नाही. भरलं आम्ही दोघांनी. माझ्या वाटणीचं मी त्याच शनिवारी भरून मोकळी झाले होते. त्यांनी मात्र मरेपर्यंत भरलं, आणि मी ते एकदाही मागितलं नव्हतं.